विद्युत विलोपनाचा यशस्वी प्रयोग

कवठपेंढरीच्या विद्यालयात विद्युत विलेपनाचा प्रयोग दरवर्षी होत असे आणि आजवर तो एकदाही फसला नव्हता. पद्धत ठरलेली होती. विज्ञानाचे गुरुजी फळ्यावर एक चंचुपात्र काढत, त्यात दोन दांड्या उभ्या करत, वर सेलची खूण करत आणि तारेवर बाण देत. मुलं ते वहीत उतरवून घेत. ज्याच्याकडे निळी पेन्सिल असे तो मोरचुदाचं पाणी निळं करी. ज्याच्याकडे नसे त्याचं पाणी पांढरं राही आणि त्याचा अर्धा गुण कापला जाई. एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर बसतो, हे अनुमान गुरुजी प्रयोगाच्या आधीच लिहून देत, म्हणजे मागाहून घाई होत नसे.

प्रयोगशाळा नव्हती असं कुणी समजू नये. चांगली मोठी खोली होती. कपाटात रसायनांच्या बाटल्या होत्या, इमारतीच्या उद्घाटनाला आल्या तशाच, सीलसकट. मुख्याध्यापक किसनराव ढुमणे यांना त्या सीलचा सार्थ अभिमान होता. त्यांचा हिशेब सरळ होता. रसायन वापरलं की साठा कमी होतो, साठा कमी झाला की तपासणीत प्रश्न निघतो, आणि प्रश्न निघाला की उत्तर द्यावं लागतं. न वापरलेल्या रसायनाला कुणी काही विचारत नाही. परीक्षानळ्यांच्या स्टँडवर एका कोळ्यानं संसार मांडला होता. त्यालाही कुणी हात लावला नव्हता, कारण तो साठ्यात धरायचा की नाही याबद्दल स्पष्ट सूचना नव्हत्या.

अशा सुरळीत चाललेल्या शाळेत संगीता आडे नावाच्या विज्ञानशिक्षिका रुजू झाल्या. आडे मॅडम घाटंजीकडच्या एका तांड्यावरच्या, घरातल्या पहिल्या पदवीधर. त्यांनी दहावीच्या वर्गाला सांगितलं, की ही शाळा सोडण्याआधी तुम्ही प्रत्येक जण एका वस्तूवर स्वतःच्या हातानं तांबं चढवाल. वर्गानं ते वाक्यही वहीत उतरवून घेतलं.

हे लिहून घेण्यासाठी नाही, करण्यासाठी आहे, हे पटवायला मॅडमना बराच वेळ लागला. पण एकदा पटल्यावर मुलांना दम निघेना. कुणी बिल्ला आणला, कुणी नाणं, कुणी पांढऱ्या पत्र्याची डबी. सलोनी नावाच्या मुलीनं घरून एक जुना स्टीलचा चमचा आणला आणि त्यावर मेणबत्तीच्या टोकानं आपलं नाव लिहिलं. मेण लागलं तिथं तांबं चढणार नाही, म्हणजे नाव उमटून राहील, असं मॅडमनी सांगितलं होतं. सलोनीला दहावीनंतर कला शाखेला जायचं होतं, म्हणजे घरच्यांनी तसं ठरवलं होतं. विज्ञानाचं कॉलेज घाटंजीला आणि परतीची बस स्वतःच्या मर्जीनं येणारी. तेव्हा आयुष्यात एखादा प्रयोग हातानं करायचा तर तो याच वर्षी, याच शाळेत, हे मॅडमना कळत होतं. वर्गातल्या निम्म्या मुलींचं गणित हेच होतं.

मॅडमनी शाळेच्या साठ्याला धक्का न लावण्याची व्यवस्था केली. मोरचूद कृषी केंद्रात मिळतो, संत्र्याच्या खोडाला लावायला लोक पोत्यानं नेतात. ग्लास चहाच्या टपरीवरून आले, तांब्याची तार मोटार बांधणाऱ्याकडून आली, आणि टॉर्चचे सेल मॅडमच्या पर्समध्ये होतेच. एवढी सगळी तयारी पाहून किसनरावांना नकार द्यायला एकही कारण उरलं नाही. त्यामुळे ते फार अस्वस्थ झाले.

"करून काय होईन मॅडम?" त्यांनी विचारलं.

"तांबं चढेल, सर."

"ते तं पुस्तकात लिहूनच आहे. तुमचा पुस्तकावर भरोसा नाही काय?"

"भरोसा आहे, सर. पण पोरांनी एकदा आपल्या हातानं करून पाहावं."

"आन् करून पाह्यलं आन् नाही चढलं तं? मंग पुस्तक खोटं पडन. सरकारी पुस्तक हाय ते."

सरकारी पुस्तक खोटं पाडण्याचा धोका एकट्यानं पत्करायला किसनराव तयार नव्हते. त्यांनी विद्युत विलेपनाचा प्रयोग करण्यास परवानगी मिळावी, अशी विनंती तालुक्याच्या कार्यालयाला पाठवली आणि परवानगी आली की प्रयोग करा असं मॅडमना सांगितलं. परवानगी येणार नाही, या भरवशावर ते निर्धास्त झाले. इथंच त्यांचा अंदाज चुकला. तालुक्याचं कार्यालय कधी कधी कामही करतं.

विस्तार अधिकारी फुलचंद बोरकुटे हे तसे मनानं उदार. विनंती वाचून त्यांना त्यात काहीच गैर दिसलं नाही, म्हणून त्यांनी परवानगीचा आदेश सांगायला घेतला. कार्यालयात संगणकावर पियुष नावाचा मुलगा होता. त्यानं टाइप करणं सोडून बराच काळ झाला होता, कारण आता मोबाइलच ऐकून लिहितो. साहेब बोलायला लागले की पियुष मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरी, आणि कागद तयार होई. फक्त एक गोष्ट घडली. त्या वेळी साहेबांच्या तोंडात खर्रा होता.

खर्रा म्हणजे काय हे यवतमाळात कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांच्या सोयीसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला हा ऐवज गालात भरला, की माणसाला ओठ फाकवायची सोय राहत नाही. फाकवले तर ऐवज बाहेर येतो. म्हणून खर्रा भरलेल्या तोंडातून 'ए' निघत नाही, तिथं 'ओ' निघतो. साहेब म्हणाले, "विद्युत विलोपन करण्याची परवानगी दोण्यात योत आहो." मोबाइल शहाणा. 'दोण्यात योत आहो' असे शब्द मराठीत नाहीत, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं ते दुरुस्त करून घेतले. पण 'विलोपन' हा शब्द मराठीत आहे. काढून टाकणं, नाहीसं करणं. तेव्हा तो त्यानं तसाच ठेवला. त्यापुढं पियुषनं नेहमीचा शेवट जोडला: सदर कार्यवाही तात्काळ पूर्ण करून छायाचित्रांसह अहवाल सादर करावा. आणि त्याचा स्वतःचा एक नियम होता, की कागदात पाणी आलं तर प्रत पाणीपुरवठ्याला, रस्ता आला तर बांधकामाला, आणि वीज आली तर वीज कंपनीला. त्याप्रमाणे प्रत गेली.

प्रयोगाचा दिवस ठरला. त्याच सकाळी शाळेच्या खांबाला शिडी लागलेली दिसली. शिडीवर लाइनमन उकंडा मडावी होता आणि तो शाळेची वीज तोडत होता.

किसनराव धावत आले. बिल भरलेलं असताना वीज कायले तोडून राह्यला, असं त्यांनी खालून विचारलं.

"मले काय माहीत जी," उकंडा वरून म्हणाला. "विलोपन लिहून हाय. आम्ही लोकायची लाइन तोडाले जातो तं लोक काठी घेऊन येतात. सोताहून तोडा म्हणणारी तुमचीच पह्यली शाळा."

"आन् परत जोडाची तं?"

"जोडाले अर्ज लागते, पाहणी लागते, मंजुरी लागते. तोडाले काही नाही लागत." एवढं सांगून त्यानं तार गुंडाळली, शिडी खांद्यावर घेतली आणि चांगल्या कामाला सही लागते म्हणून किसनरावांची सही घेऊन गेला.

आडे मॅडमनी आदेश वाचला आणि चूक काय ती तत्काळ त्यांच्या लक्षात आली. सर, 'विलेपन'चं 'विलोपन' झालं आहे, एक काना जास्त पडला आहे, बाकी काही नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. किसनरावांनाही ते कळलं. ते मराठीचे पदवीधर होते. पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं.

"काना आपल्याकडून पडला काय मॅडम? वरून पडला. वरून पडलेला काना खालून नाही काढता येत."

मग दोघं तालुक्याला गेली. बोरकुटे साहेबांनी या वेळी तोंड मोकळं ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि चूक झाली आहे हे मोठ्या मनानं खासगीत मान्य केलं. मात्र ती दुरुस्त करायची तर शुद्धिपत्रक काढावं लागेल, शुद्धिपत्रक काढायचं तर चूक कुणाची ते नमूद करावं लागेल, आणि चूक मोबाइलची असल्यानं त्याला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागेल. मोबाइल आस्थापनेवर नाही. आस्थापनेवर नसलेल्यानं कामकाज केलं म्हणजे उलट साहेबांचीच चौकशी. शिवाय एक अडचण होती. शाळेची वीज तोडल्याचा अहवाल, उकंडानं घेतलेल्या सहीसकट, यवतमाळला पोचला होता, आणि तिथं तो फार आवडला होता. ऊर्जाबचतीचा असा थेट उपक्रम जिल्ह्यात आजवर कुणी केला नव्हता. लोक दिवे विझवा म्हणून पोस्टर लावतात, या शाळेनं तारच काढून टाकली.

"आदेश चुकत नसते मॅडम," बोरकुटे साहेब समजुतीनं म्हणाले. "चुकली तं शाळा चुकते. तुमची शाळा बरोबर ठरून राह्यली, तं तुम्ही काहून दुखात?"

यानंतर जे झालं त्यात कुणाचाच दोष नाही. जिल्ह्यानं सर्व शाळांना विद्युत विलोपन करून छायाचित्रं पाठवायला सांगितलं. वणीकडच्या शाळांनी त्यात आघाडी घेतली. त्या गावांखालचा कोळसा खणून दुसरीकडं दिवे लागतात, तेव्हा दिव्याशिवाय राहायचा सराव त्यांना होताच. अडचण आली ती मुकुटबनकडच्या एका वस्तीवरच्या शाळेची. तिथं वीज कधी आलीच नव्हती, त्यामुळे तिला काढून टाकता येईना आणि अहवालाचा रकाना कोरा राहू लागला. त्यावर मार्गदर्शन मागवलं गेलं. ज्या शाळेत वीज नाही तिनं आधी वीजजोडणी घ्यावी व त्यानंतर विलोपन करावं, असं मार्गदर्शन आलं. इतकी वर्षं अर्ज करूनही न मिळालेली वीज त्या शाळेला झपाट्यानं मिळाली. मुलांनी पंख्याचं बटन दाबलं, पंखा फिरला, फोटो निघाला, आणि मग वीज काढून नेली.

इकडे आडे मॅडमनी हिंमत सोडली नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की खांबावरची वीज गेली तर गेली, आपल्या प्रयोगाला ती लागतच नव्हती. आपले टॉर्चचे सेल आहेत. किसनरावांनी बारकाईनं विचारलं, की सेलमध्ये वीज असते का. मॅडम खोटं बोलायला शिकल्या नव्हत्या. असते, असं त्या म्हणाल्या.

किसनरावांनी तालुक्याला विचारलं. विलोपन सर्व स्वरूपातील विजेस लागू राहील, असं उत्तर आलं. त्या उत्तराची अंमलबजावणी कडक झाली. शाळेच्या टॉर्चचे सेल गेले, गणितवाल्या सरांचा कॅल्क्युलेटर गेला, आणि कार्यालयातल्या घड्याळाचाही सेल काढण्यात आला. त्यापुढं शिपाई भुकेच्या अंदाजानं घंटा देऊ लागला आणि मधली सुट्टी प्रार्थनेच्या फार जवळ येऊ लागली. शाळेच्या आवारात आभाळातून वीज पडणार नाही, असं हमीपत्रही किसनरावांनी सही करून दिलं. मॅडमच्या पर्समधले सेल मात्र राहिले. पर्स ही शाळेच्या साठ्यात येत नव्हती.

वर्गात मुलं रोज विचारत, मॅडम, आज काय? बिल्ले, नाणी, डब्या दप्तरात वाजत. सलोनी आपला चमचा रुमालात गुंडाळून आणी, मेणाची अक्षरं खरचटू नयेत म्हणून. मॅडम म्हणत, उद्या. आणि रिकामा तास जाऊ नये म्हणून त्या दुसरं काही दाखवत. एकदा त्यांनी लोखंडाचा खिळा नुसता मोरचुदाच्या पाण्यात सोडला. थोड्या वेळानं खिळा लाल झाला. वीज लावली नाही तरी लोखंडावर तांबं येतं, पण ते कच्चं, बोटानं पुसलं की निघतं. पक्कं बसवायचं तर वीज लागते, दम धरावा लागतो, आणि वस्तू आधी घासून स्वच्छ करावी लागते. मॅडम हे सांगत असताना किसनराव खिडकीबाहेरून चालले होते. त्यांनी पहिलं वाक्य ऐकलं. पुढची ऐकायला ते थांबले नाहीत.

कारण त्यांच्यापुढं मोठा पेच होता. जिल्ह्याचे साहेब विद्युत विलोपन पाहायला स्वतः येणार होते, आणि काढून टाकलेली वस्तू दाखवायची कशी, हे कुणालाच सुचत नव्हतं. उघडा खांब दाखवला तर तो गावात सगळीकडेच आहे. वीज नसताना तांबं चढतं, हे वाक्य कानावर पडलं आणि किसनरावांना कोडं सुटल्यासारखं झालं. यात विलेपनही होतं आणि विलोपनही. काना ठेवला तरी चालत होतं, काढला तरी चालत होतं.

साहेब आले त्या दिवशी प्रयोगशाळा पहिल्यांदा झाडली गेली. टेबलावर फुलांची माळ घातलेला काचेचा ग्लास, त्यात निळं पाणी, बशीत लाल झालेला खिळा, आणि भिंतीवर फलक: 'विजेविना विलेपन, विलोपनातून विज्ञानाकडे'. बोरकुटे साहेबांना तो मजकूर इतका आवडला की त्यांनी गालातला खर्रा बाजूला सारून तो दोनदा वाचला. जिल्ह्याच्या साहेबांनी खिळा निरखून पाहिला आणि वीज न वापरता हे साध्य केल्याबद्दल किसनरावांची पाठ थोपटली.

आडे मॅडम पुढं झाल्या. साहेब, हे चढलेलं नाही, नुसतं चिकटलं आहे, असं त्या म्हणाल्या. बोट लावलं की निघतं.

साहेबांनी बोट लावलं. निघालं. खिळा होता तसा काळा झाला आणि साहेबांचं बोट लाल. बोरकुटे साहेबांनी स्वतःचा रुमाल पुढं केला.

मॅडमनी वेळ दवडला नाही. त्यांनी पर्समधून सेल काढून टेबलावर ठेवले. "साहेब, शेजारच्या वर्गात पोरं वस्तू घेऊन बसली आहेत. मला एक तास द्या. पक्कं तांबं त्यांच्याच हातानं चढवून दाखवते. पुसून निघणार नाही."

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यातल्या सेलकडं सगळ्यांनी सभ्यपणानं दुर्लक्ष केलं. मग साहेब बोट पुसत म्हणाले, "मॅडम, आत्ता जे आहे ते छान आहे. फक्त बोट लावू नका."

सूचना लेखी मिळण्याची वाट न पाहता किसनरावांनी तिची अंमलबजावणी केली. नवा खिळा पाण्यात बुडवून लाल केला, बशीत ठेवला, आणि त्यापुढं पुठ्ठा उभा केला: 'कृतीयुक्त विज्ञान. कृपया हात लावू नये.' मुलांना रांगेनं आणून तो दुरून दाखवण्यात आला. रांगेतून पुढं जाताना सलोनीनं चमचा पाठीमागं धरला होता. फोटो निघाले. पुढं यथावकाश शाळेला हातानं शिकणारी आदर्श शाळा म्हणून सन्मानचिन्ह मिळालं, आणि तेही त्याच पुठ्ठ्यामागं ठेवलं गेलं.

आता प्रात्यक्षिक परीक्षा आली. प्रात्यक्षिकाचे गुण वीस, आणि ते शाळेनंच द्यायचे असल्यामुळे सर्वांना वीस, असा रिवाज. पण आडे मॅडमनी कागद पुढं घेतला आणि सही करायला नकार दिला. पोरांनी प्रयोग केलाच नाही, तर गुण कशाचे देऊ, असं त्यांनी विचारलं. एक तर एक तास द्या, नाही तर मी 'प्रयोग झाला नाही' असं लिहिते.

किसनरावांच्या साऱ्या कारकिर्दीत असा प्रसंग आला नव्हता. तास द्यावा तर वीज वापरल्याचा पुरावा होतो आणि आदर्शपण जातं. न द्यावा तर सगळी दहावी प्रात्यक्षिकात शून्य. या पेचातून त्यांनी लोकशाही मार्ग काढला. पालकांची सभा बोलावली.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. पालक समितीचे अध्यक्ष पूनमसिंग हे मॅडमच्याच तांड्याकडचे, त्यामुळे मॅडमना थोडी आशा होती. त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. ग्लास आहेत, मोरचूद आहे, तार आहे, सेल आहेत. कुणाकडून काही नको. तुम्ही पालक म्हणून एवढंच म्हणा, की आमच्या पोरांना एक तास करू द्या. तुम्ही म्हटल्यावर हेडमास्तरांना नाही म्हणता येणार नाही. किसनरावांनी मान खाली घातली, म्हणजे हे खरंच होतं. त्या क्षणी सगळा प्रयोग पालकांच्या एका वाक्यावर अडला होता.

मग सलोनीची आई कोकिळा, जी निंदण सोडून आली होती आणि जिला परत जायचं होतं, तिनं बसल्या जागेवरूनच विचारलं, "मॅडम, हा प्रयोग केला तं पोरीले किती मार्क भेटन जी?"

"वीस."

"आन् नाही केला तं? दरसाल देतात तसे?"

"दरसाल देतात तसे दिले, तर तेही वीसच."

"मंग करायचं कायले?"

प्रश्न इतका चोख होता की सभेतून समाधानाचा सुस्कारा उमटला. मॅडमनी सांगायचा प्रयत्न केला, की हात काहीतरी शिकतो, एकदा केलेलं विसरत नाही, पुढं यातल्या किती मुलींच्या हातात परीक्षानळी येणार आहे. पालकांनी ते आदरानं ऐकून घेतलं. अध्यक्ष पूनमसिंग उठले आणि म्हणाले, "बाई, आमच्या टाइमले बी असंच होतं. आमी एक बी प्रयोग केला नाही. काय बिघडलं आमचं?"

लोकांनी त्यांच्याकडं पाहिलं. कुणीच काही बोललं नाही, म्हणून ते मत सर्वानुमते मंजूर झालं.

"सारे पालक एका बाजूनं आन् तुम्ही एकट्याच आड, आडे मॅडम," किसनराव मायेनं म्हणाले आणि त्यांनी पेन पुढं केला. मॅडमनी सही केली. सर्वांना वीस. कुणाचा अर्धा गुणसुद्धा कापला नाही.

पण मॅडम मोठ्या चिकाटीच्या. त्यांनी वर्गाला सांगितलं, की आता गुण लागले, आता कुणाची हरकत राहिली नाही. शाळेच्या कुंपणाबाहेर निंबाखाली या. तिथं विलोपन लागू नाही. तिथं मी आहे, ग्लास आहेत, सेल आहेत. शाळा सोडण्याआधी प्रत्येक जण तांबं चढवेल असं मी म्हटलं होतं.

त्या दिवशी मॅडम निंबाखाली वाट पाहत बसल्या. ग्लासात निळं पाणी, तारा जोडलेल्या, सेल तयार. मुलं घराकडं जाताना त्यांना नमस्कार करून जात होती. वीस मिळाल्याबद्दल कुणी कुणी आभारही मानले.

शेवटी सलोनी आली. हातात रुमाल, रुमालात चमचा. मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी तारेचं टोक तिच्यापुढं केलं आणि म्हणाल्या, घे, हे चमच्याला जोड.

सलोनीनं तारेकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं. "मॅडम, याचे मार्क हायत काय जी?"

"नाहीत."

तिनं थोडा विचार केला. मग चमचा रुमालातून काढून मॅडमच्या हातात दिला आणि अदबीनं म्हणाली, "मंग तुमीच चढवून ठेवजा मॅडम. मी सोमवारी येतो आन् घेऊन जातो. मले पाठांतर आहे."

आणि ती गेली.

सलोनीवर रागावायचं कारण नाही. तिनं त्या वर्षी शाळेत जे काही प्रत्यक्ष पाहिलं, त्यातून अचूक अनुमान काढलं. एवढा यशस्वी प्रयोग जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आणि हे वाचून ज्यांना कोकिळाबाईंचं हसू आलं, किसनरावांची चीड आली आणि आडे मॅडमबद्दल वाईट वाटलं, त्या सुजाण वाचकांना एक विनंती. तुमचं मूल ज्या चांगल्या शाळेत आहे, तिथं यंदा एकदा जा आणि विचारा, की माझ्या मुलानं या वर्षी स्वतःच्या हातानं कोणता प्रयोग केला. विचारणार नाही तुम्ही. तुम्ही काय विचाराल ते शाळेला ठाऊक आहे, म्हणून तर ती उत्तर आधीच लिहून ठेवते. वीसपैकी वीस.